न बघता

सोमवार, ४ मार्च

आज मला पुन्हा पहिलीत बसवलं.

इतकी वर्षं हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत काढली. कुठला वॉर्ड कुठे, कोणते डॉक्टर कधी, सगळं तोंडपाठ. आता खिडकीच्या जागी एक मशीन उभं केलंय. लोक त्याच्यावर बोट टेकवतात आणि उत्तर मिळवतात. माझी बदली झाली रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे काम असं: लोक घाबरून फोन करतात, ते कानाने ऐकायचं, डोळ्यांनी पडद्यावरचा नकाशा बघायचा, आणि त्याच वेळी हाताने टाइप करायचं. टाइप केलेलं तिकडे गाडीत ड्रायव्हरला दिसत जातं. म्हणजे बटणांकडे बघायला डोळे उरतच नाहीत. आणि मी आजवर दोन बोटांनी, कोंबडी दाणे टिपते तशी टाइप करत आले.

शिकवायला एक बाई आहेत. केस आखूड, आवाज त्याहून आखूड. त्या शिकणाऱ्याच्या हातांवर एक निळं कापड टाकतात, म्हणजे बटणं दिसायला नकोत. जुन्या मंडळींनी त्यांचं नाव पडदाबाई ठेवलंय. पडदाबाईंनी माझे हात बघून विचारलं, "आधी शिकलाय कुठे?"

"नाही हो. आपलं आपण."

"मग आधी ते विसरायला लागेल," त्या म्हणाल्या.

पंचवीस तारखेला परीक्षा आहे. नापास झाले तर तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे ना खिडकी ना माणूस. मी तिथे आठवडाभरात भिंतींशी बोलायला लागेन.

मंगळवार, ५ मार्च

डावी तर्जनी ऱ्हस्व वेलांटीवर, उजवी तर्जनी 'र' वर. या दोन बटणांवर बोटाला लागेल एवढा उंचवटा असतो. तोच आपला खुंटा, तिथून हलायचं आणि तिथेच परत यायचं. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला अक्षरं. म, न आणि व तेवढे वाट चुकून डावीकडे आलेत. आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण मारायची अक्षराच्या नंतर. आयुष्यभर आधी काढली, आता नंतर काढा.

पहिले दोन दिवस फक्त मधली ओळ. तेवढ्या ओळीत जे शब्द होतात ते असे: कटकट, कुरकुर, किरकिर, पुटपुट. मी म्हटलं, "बाई, या एका ओळीत अख्खा संसार बसला की." पडदाबाई हसल्या नाहीत. कापड नीट केलं आणि म्हणाल्या, "पुन्हा."

गुरुवार, ७ मार्च

संध्याकाळी घरी आले तर दारात लेक उभी. न कळवता! एक बॅग, खांद्यावर लॅपटॉप. म्हणाली, "चार दिवस राहायला आले." मला इतका आनंद झाला की किल्लीच सापडेना.

बारीक झालीय. मी म्हटलं, "खातपीत नाहीस का?" तर म्हणाली, "डाएट." आजकालच्या मुलींचं काही कळत नाही.

ती आत येऊन बसते न बसते तोच जावयांचा फोन. पोचली का, कशी पोचली, वाटेत कुठे थांबली होती का. तिने सांगितल्यावर त्यांनी मलाही फोन द्यायला लावला. "आई, तुमच्या आवाजाने बरं वाटलं," म्हणाले. किती काळजी! आमचे हे, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, मी माहेरी गेले की सुटकेचा श्वास सोडायचे.

शनिवार, ९ मार्च

लेकीने लॅपटॉपवर मराठी बटणं लावून दिली. नोकरी सोडल्यापासून तो नुसता पडून होता म्हणे. नोकरी चांगली होती, पण जावयांचं म्हणणं पडलं की दोघंही दमून घरी आली तर घराला घरपण राहत नाही. त्यातही तथ्य आहेच.

गंमत म्हणजे आम्ही लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत जावयांचा फोन. "काय चाललंय?" काल संध्याकाळीही असंच झालं. मी म्हटलं, "बघ, मनं जुळलेली असली की असं होतं."  लेकीने इंटरनेट बंद केलं. म्हणाली, "सरावाच्या वेळी बंदच ठेवू. मधेच काहीबाही येतं."

माझ्या हातांवर टॉवेल टाकून तिने सरावाच्या पुस्तकातली वाक्यं वाचायला घेतली. "वादळ आले. होडी उलटली. नावाडी पोहत आला." मी होडीची हाडी केली आणि नावाड्याचा नवाडा.

धडा संपल्यावर ती म्हणाली, "आई, मला जरा बोलायचं होतं."

"हो गं, एवढं वरच्या ओळीचं पान होऊ दे," मी म्हटलं. पान झालं तोवर ती कणीक मळायला उठली होती. मग राहूनच गेलं.

बुधवार, १३ मार्च

वाईट दिवस. करंगळ्या सुजल्यासारख्या झाल्यात. उजव्या करंगळीवर च, ट, ज, ड एवढं सगळं ओझं लादलंय आणि वर शिफ्टही तिनेच धरायचं. ज्या बोटाने आजवर फक्त कान खाजवला त्याच्याकडून आता हमाली. 'आई' एवढा साधा शब्द, पण दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागतं. मी तो दहा वेळा चुकले. पडदाबाई म्हणाल्या, "घाई करू नका. शब्द ऐका, बोटांना वेळ द्या." मी म्हटलं, "बाई, शब्द ऐकायला गेलं की बोटं हरवतात, बोटं धरली की शब्द हरवतो." त्या म्हणाल्या, "सुरुवातीला असंच. सध्या अर्थाच्या मागे जाऊ नका. कानाला येईल ते बोटाने उतरवा."

हे बरं झालं. आज घरी तसंच केलं आणि चुका कमी झाल्या. डोक्यात काही घेतच नाही. कान ते बोट, मधे स्टेशन नाही.

सरावाचं पुस्तक संपलं. लेक म्हणाली, "मी माझ्या मनाने सांगते." हुशार आहे. शाळेत असताना निबंधात तिला नेहमी शाबासकी मिळायची.

गुरुवार, १४ मार्च

लेकीने एक गोष्ट सुरू केलीय. एका बाईची. आजचा परिच्छेद जोडाक्षरांसाठी उत्तम होता. "त्या बाईच्या घराला कुलूप बाहेरून होते. तिने किल्ली मागितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, तुला कुठे जायचे आहे? तिला कुठेच जायचे नव्हते, म्हणून तिने पुन्हा मागितली नाही."

'कुलूप' मध्ये पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. माझा दोन्हीकडे ऱ्हस्वच पडतो. 'किल्ली' बरोबर आली. 'म्हणून' ला 'म्हनुन' केलं, ती जुनी खोड.

मी विचारलं, "असे कठीण शब्द कुठून काढतेस?" ती म्हणाली, "सुचतात." आणि पान पुसून टाकलं. मला ते पडदाबाईंना दाखवायचं होतं. "सरावाचं काय ठेवायचं," म्हणाली.

शनिवार, १६ मार्च

वेग वाढतोय. पडदाबाईंनी आज पहिल्यांदाच "हं" म्हटलं. त्यांच्या तोंडून हे म्हणजे हार घालून मिरवणूक काढल्यासारखंच.

घरी गोष्टीचा पुढचा भाग. "तो ओरडत नाही. तो हळू आवाजात विचारतो. भाजीला एवढा वेळ का लागला? दुकानदार काय म्हणाला? तू काय म्हणालीस? मग काय म्हणाला? ती आता बोलण्याआधी उत्तरे पाठ करते." प्रश्नचिन्हं बरीच होती, त्यांची चांगली तालीम झाली. या बाईचं पुढे काय होणार असं मी विचारलं. लेक म्हणाली, "अजून ठरलं नाही."

खरंच, हिने हे लिहून कुठेतरी पाठवावं. जरा उदास आहे, पण लोकांना तसंच आवडतं. तसं बोलले तर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच म्हटलं, "बरं बाई, नको तर नको."

जरा चिडचिडी झालीय. चार दिवसांचे नऊ झाले. दोघांचं काही वाजलं असेल. मागच्या खेपेला ती असंच काही सांगायला लागली होती, तेव्हा मी म्हटलं होतं की संसार म्हटला की थोडं खुट्ट व्हायचंच. आता मी मधे पडत नाही. नवराबायकोच्या मधे आईने पडू नये.

मंगळवार, १९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत जावयांचा फोन, माझ्या नंबरवर. "आई, ती फोन उचलत नाही. मला जेवण जात नाही हो." आवाज अगदी ओला. मी धीर दिला. ती घरीच असते, कोणी येत नाही जात नाही, दुपारी जरा झोपते, सगळं सांगितलं. "कोणाचे फोन येतात का तिला?" मी म्हटलं, "छे हो, तुमच्याशिवाय कोण करणार?" त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन लेकीला सांगितलं, "अगं, माणूस जेवला नाही." ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला राग आला. मी म्हटलं, "अशा माणसाला तरसवू नये." ती उठून बाल्कनीत गेली. आज गोष्ट नाही, सराव नाही. मी एकटीनेच वर्तमानपत्र बघून टाइप केलं. वर्तमानपत्रापेक्षा तिची गोष्ट बरी.

गुरुवार, २१ मार्च

एक छान गुपित आहे. ते फक्त इथेच लिहिते.

जावई सोमवारी येतायत, तिला न्यायला. अचानक येऊन तिला चकित करायचंय म्हणे. "आई, तिला बोलू नका हं. रुसलीय, एकदम समोर उभा राहिलो की हसेल." मी म्हटलं, "सोमवारी माझी परीक्षा आहे, मी नसेन." म्हणाले, "अरे हो, किती वाजता?" मी वेळ सांगितली. "मग तेव्हाच येतो. तुम्हालाही आमचा रुसवाफुगवा बघायला नको." किती समजूतदारपणा!

लेक घरात असल्यावर पोटात गुपित ठेवणं फार जड जातं. आज दोनदा जिभेवर आलं होतं.

पडदाबाईंनी आज नवं काढलं. म्हणाल्या, "आता पडद्याकडेही बघू नका. बोलणाऱ्याकडे बघा. खोलीत जो वाक्यं सांगतोय त्याच्या तोंडाकडे. हात त्यांचं ते करतील." पहिल्यांदा सगळं कोसळलं. तिसऱ्यांदा, काय सांगू, हात खरंच त्यांचं ते करत होते. सायकल शिकताना मागून धरणाऱ्याने हात कधी काढला ते कळत नाही, तसं.

शनिवार, २३ मार्च

हे नीट, क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं काही नव्हतं.

दुपारी सरावाला बसलो. इंटरनेट बंद, हातांवर टॉवेल. मी म्हटलं, "आज मी तुझ्याकडे बघत टाइप करणार, तसंच शिकवलंय." ती म्हणाली, "माझ्याकडे कशाला?" पण बसली समोर.

तिने सुरू केलं. "ती बाई आईकडे आली." बोटं चालली. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे. ओठांच्या कडेला सालपटं निघालेली. बोलताना ती दाराकडे बघत होती, प्रत्येक वाक्याला एकदा. हे मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं, कारण टॉवेलखाली कुठलं बोट कुठे आहे याचीच मला काळजी.

"आईला तिने रोज थोडे थोडे सांगितले."

बोटं चालूच. आणि मला ऐकू यायला लागलं. म्हणजे कानाला रोजच येत होतं. आज आत आलं.

"आई चुका मोजत होती."

'होती' पर्यंत हातांनी लिहिलं. मग ते तिथेच राहिले.

"कोणाची गोष्ट आहे ही?" मी विचारलं.

"सरावाची."

"बबडे."

लहानपणीची हाक. कितीतरी वर्षांत मारली नव्हती. तिचा चेहरा एकदम गोळा झाला, पडल्यावर रडायच्या आधी व्हायचा तसा. पण रडली नाही.

मी तिच्या हाताकडे, गळ्याकडे बघितलं असणार. ती म्हणाली, "मारत नाही तो. मारलं असतं तर सांगायला सोपं होतं गं. काय सांगू? गोड बोलतो म्हणून? काळजी करतो म्हणून? तुला त्याची काळजीच आवडते."

"आणि कुलूप?"

"आहे. बाहेरून."

"आणि हा लॅपटॉप उघडला की फोन येतो तो..."

"त्याला दिसतं. म्हणून तर नेट बंद करते."

मनं जुळलेली, म्हटलं होतं मी. आता मागे जाऊन ते पान बघवत नाही.

मग मला सोमवार आठवला.  मी तिला सांगितलं, सोमवारी येतायत, मी परीक्षेला असताना. ती उभी राहिली. "त्याला वेळ कोणी सांगितली?"

"मी."

 तिने मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ती आत जाऊन बॅग भरायला लागली. मी विचारलं, "कुठे जाणार?" म्हणाली, "माहीत नाही." मी तिच्या हातातून कपडे काढून घेतले आणि पुन्हा कपाटात ठेवले. ती भरायची, मी काढायची.  शेवटी ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "दमले मी." मग तिथेच झोपली, भर दुपारी, दिवे लागेपर्यंत.

रविवार, २४ मार्च

सकाळभर तिने सांगितलं, मी ऐकलं. टाइप केलं नाही. इथेही सगळं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

एवढं मात्र लिहिते की अधूनमधून मला वाटत होतं, दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. कदाचित तोही घाबरट असेल. कदाचित हिलाच फार लागतं. मग मी तिच्याकडे बघायची. स्वयंपाकघरात पेला ठेवतानासुद्धा ती आवाज होऊ देत नाही.

उद्या मी परीक्षेला न जाता घरी बसते म्हटलं. ती म्हणाली, "नाही, तू जा. तुला तळघरात टाकलं तर तेही माझ्यामुळे." मग ठरलं की तिला बरोबर न्यायचं.

सोमवार, २५ मार्च

पडदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझी मुलगी. परीक्षा होईपर्यंत बाहेर बाकावर बसेल." पडदाबाईंनी तिला आणखी एकदा पाहिलं, तेवढ्यात काय दिसलं कोण जाणे. म्हणाल्या, "बाकावर नको. आत बसू दे, माझ्या खुर्चीत. आत पासशिवाय कोणाला सोडत नाहीत."

फोन जमा केले. कानाला हेडफोन. परीक्षा म्हणजे रेकॉर्ड केलेले फोन. कोणी पुरुष ओरडतोय की वडील जिन्यावरून पडले. मी टाइप केलं. कोणी म्हातारी अतिशय शांतपणे पत्ता सांगतेय आणि मधेच म्हणतेय, घाई नाही हो. मी टाइप केलं. हात चांगले चालले होते. खरंच चांगले.

तिसरा आवाज सुरू झाला आणि काचेच्या दारापलीकडे मला जावई दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. शिपायाशी हसून बोलत होते.

हेडफोनमध्ये कोणीतरी पत्ता सांगत होतं. मी अर्ध्या शब्दावर उठले. पडदाबाई म्हणाल्या, "उठलात तर संपली परीक्षा." मी म्हटलं, "कळलं," आणि दार उघडलं. माझ्यामागे लेकही आली. मी तिला आत राहा म्हणून हात केला, तरी आली.

"आई! अहो, घराला कुलूप! किती घाबरलो मी. फोनही लागेना दोघींचा." मग तिला, हळू आवाजात, "चल. गाडी खाली उभी आहे."

लेक म्हणाली, "मी येत नाही."

"इथे नको बोलूया. लोक बघतायत. घरी बोलू."

"घरी मी बोलत नाही. घरी तूच बोलतोस."

त्यांचं हसू जागचं हललं नाही. ते माझ्याकडे वळले. "आई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती." फुलं पुढे केली. आणि मी ती घेतली असती! हात उचललाही होता. इतकी सवय. समोरचा गोड बोलला की आपलाही हात पुढे होतो. लेक माझ्या हाताकडे बघत होती.

मी हात खाली घेतला. आणि मग माझ्या तोंडून निघाला तो खिडकीतला आवाज. रोज शेकडो लोकांना ज्या आवाजात वाट सांगितली, तो.

"बाहेर जायचा रस्ता इकडून. सरळ जा, लिफ्ट सोडून डावीकडे, मग मोठं दार."

"आई, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"डावीकडे," मी म्हटलं. "मग मोठं दार."

शिपाई उठून उभा राहिला होता. जावई एकदा लेकीकडे बघून म्हणाले, "बघ हं, नंतर म्हणू नकोस." हे पहिल्यांदा त्यांच्या खऱ्या आवाजात ऐकलं. काही मोठा नव्हता तो आवाज. पण मी लेकीच्या पुढ्यात सरकले. मग गेले. फुलं बाकावर ठेवून गेले. ती शिपायाने उचलून कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

परीक्षा नापास.

बुधवार, २७ मार्च

विहीणबाईंचा फोन आला होता. "पोरीला समजवायचं सोडून तुम्ही तिला चिथावता?" मी पुष्कळ ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "तुमच्या घराचं कुलूप बाहेरून का असतं?" त्या म्हणाल्या, "चोऱ्या होतात." मी फोन ठेवला. 

आपण चुकतोय का, असं अजूनही वाटतं. मी इथे खोटं कशाला लिहू? जावयांचे मला मेसेज येतात, माफी मागतात, रडतात. आज एक वाचून मी विरघळलेच होते. लेक म्हणाली, "आई, हा तोच मेसेज आहे. मला गेल्या वर्षीही आला होता." तिने आपला जुना दाखवला. शब्दाला शब्द.

लॅपटॉप एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने आतलं सगळं पुसून परत दिलाय. लेकीने नंबर बदलला. उद्या एका वकीलबाईंकडे जायचंय, पडदाबाईंनी नाव सुचवलं. कशा ओळखता असं विचारलं तर म्हणाल्या, "कामानिमित्त." त्यांचं लग्न झालंय की नाही, हेही कंट्रोल रूममध्ये कोणाला माहीत नाही.

तळघराआधी एक फेरपरीक्षा मिळते, पण एकदाच. एक तारखेला.

सोमवार, १ एप्रिल

पास. जेमतेम. वेग हवा तेवढा, त्याहून एक शब्द जास्त नाही. 'म्हणून' पुन्हा 'म्हनुन'. पडदाबाईंनी निकालावर सही केली आणि कापडाची घडी घालून पिशवीत ठेवली. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "करंगळी अजून आळशी आहे." पुढच्या तुकडीतल्या एका मुलीकडे वळल्यासुद्धा.

गुरुवार, १८ एप्रिल

दोन आठवडे लिहिणं झालं नाही. कामात दिवस सरतो. फोन घेते, टाइप करते, गाडी निघते. पुढे काय झालं ते आपल्याला बहुधा कळत नाही. आधी ते फार लागायचं. परवा एकाने मुद्दाम फोन करून सांगितलं की त्याची बायको शुद्धीवर आली. त्या दिवशी डबासुद्धा सगळ्यांना वाटला.

वकीलबाईंनी कागद तयार केलेत. तारखा पडतील, वेळ लागेल, म्हणाल्या. जावयांनी आपल्या बाजूनेही वकील दिलाय. लेक जुन्या ऑफिसात विचारून आली, त्यांनी पुढच्या महिन्यात ये म्हटलंय. ती अजून मधेच दचकते. दाराची बेल वाजली की दोघीही दचकतो.

आज मी कामावरून आले तर ती घरात नव्हती. फोन टेबलावरच. मी चहा टाकला. चहा झाला, मी प्यायले, ती नाही. खिडकीशी गेले. रस्त्यावर भाजीवाला हातगाडी आवरत होता, शाळेतली पोरं परतत होती, ती नाही.  चपला घातल्या, काढल्या. काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

मग जिन्यावर तिची पावलं. दार उघडून आत आली, केस विस्कटलेले, चपला धुळीने भरलेल्या. माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. कुठे गेली होतीस, एवढा वेळ का लागला, कोण होतं बरोबर, सांगून जायला काय झालं. तोंड उघडलंही होतं.

मी ते मिटलं. म्हटलं, "चहा ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली. खुर्चीत बसून तिने पाय लांब केले. मी आधण ठेवलं, साखर घातली. पाणी उकळायला लागलं तेव्हा मागून आपणहून म्हणाली, "कुठे नाही गं. उगाच भटकत होते."